खुबा बदलल्यावर गोठ्यात परतताना या चुका टाळा

खुब्याचं ऑपरेशन करून घरी आलेली बाई आठवडाभरात हमखास म्हणते, "आता जुनी कळ नाही बघा, टाक्यापाशी ओढ लागते तेवढीच." खोटं नसतं ते. झिजलेला गोळा आणि वाटी निघून गेलेली असते, त्यामुळे वर्षानुवर्षं रात्री झोपू न देणारी कळही जाते. आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. नवा सांधा जागेवर धरून ठेवणारं आवरण आणि ऑपरेशनमध्ये बाजूला केलेले, शिवलेले स्नायू जुळून यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. सांधा निसटण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. कळ थांबणं वेगळं आणि सांधा पक्का होणं वेगळं.

फिजिओथेरपिस्ट म्हणून मी गावोगावी घरी जाऊन व्यायाम घेते. दवाखान्यातून मिळालेला सूचनांचा कागद बहुतेक घरांत नीट जपून ठेवलेला असतो. पण त्यात गोठा नसतो. धार, शेण, वैरण, सुटलेलं वासरू यांतलं काहीच त्यावर नसतं. जिच्या घरी दोन म्हशी आहेत तिला "खाली वाकू नका" एवढंच सांगून भागत नाही.

आधी मूळ नियम. ऑपरेशन मागच्या बाजूने केलं असेल तर तीन हालचाली टाळायच्या: मांडी पोटाकडे काटकोनाच्या पलीकडे आणणं, पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे नेणं, आणि पाऊल आत वळेल असं अंग फिरवणं. पुढच्या बाजूने केलं असेल तर नियम वेगळे असतात, तिथे पाय मागे ताणणं आणि बाहेर वळवणं जपावं लागतं. तुमचं कोणत्या बाजूने झालंय हे घरी निघण्याआधी सर्जनला विचारून कागदावर लिहून घ्या. शेजारणीला जे चाललं ते तुम्हाला चालेलच असं नाही. खालचं बरंचसं मागच्या बाजूच्या ऑपरेशनबद्दल आहे.

पहिली चूक: "स्टुलावर बसून धार काढते"

उकिडवं बसून, चरवी गुडघ्यांत धरून धार काढायची नाही हे सगळ्यांना पटतं. मग कुणीतरी वीतभर उंचीचं स्टूल आणतं. त्यावर बसलं की गुडघे खुब्याच्या वर जातात, म्हणजे काटकोन मोडलाच. उंच स्टूल घेतलं तर कासेपर्यंत हात पोचायला पुढे वाकावं लागतं, आणि पुढे वाकलं की मांडी पुन्हा पोटाकडेच येते. मशीन असलं तरी ते सडांना लावायला वाकणं आहेच. तीन महिने धार दुसऱ्याने काढायची, याला आडवाट नाही.

अडचण असते ती म्हशीची. रोजचा हात बदलला की ती पान्हा चोरते, आणि दूध आटलं की बाई खाटेवरून उठून गोठ्याकडे निघते. तारीख ठरलेलं ऑपरेशन असेल तर दोन-तीन आठवडे आधीपासून नव्या माणसाला तुमच्या शेजारी बसवा. आधी त्याने कास धुवावी, मग दोन सड त्याचे, दोन तुमचे, मग सगळी धार त्याची. काही घरांत सून सासूचं जुनं लुगडं अंगावर घेऊन बसते. वासाची ओळख म्हशीला पुरते. पडून हाड मोडल्यामुळे ऑपरेशन अचानक झालं असेल तर एवढी सवड मिळत नाही. तेव्हा चालायला लागल्यावर, जखम सुकलेली असेल तर, गोठ्याबाहेर हातांची उंच खुर्ची टाकून बसा आणि तिथून म्हशीशी बोला. आंबोण दुसऱ्याने ठेवायचं, आवाज तुमचा. पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका.

सगळ्यात धोक्याची चूक: सुटलेलं जनावर आवरायला जाणं

माझ्या मते खरी भीती जड कामाची नसते. जड काम करताना माणूस सावध असतो. भीती असते ती डोकं विचार करायच्या आत अंगाने केलेल्या हालचालीची. वासरू दावं तोडून आईकडे धावतं, तुम्ही पाय जमिनीवर रोवलेला तसाच ठेवून गर्रकन वळता, हात दाव्याकडे जातो, कंबर वाकते. वर सांगितलेल्या हालचाली एका क्षणात होऊन जातात. चाळीस वर्षांची सवय ती, सूचनांच्या कागदाने सुटत नाही.

म्हणून कागदावर भिस्त न ठेवता गोठ्यात बदल करा. दावी, साखळ्या, खुंटे ऑपरेशनच्या आधी तपासून घ्या, जुनी दावी बदला. गोठ्याच्या तोंडाशी एक आडवा बांबू लावा, म्हणजे पहिले तीन महिने आत जायचं नाही याची आठवण तो बांबूच करून देईल. वळायची वेळ आली तर अंग पिळायचं नाही, छोटी छोटी पावलं टाकत पूर्ण वळायचं. हे घरात ओट्यापाशी रोज घोटून घ्या. शेळीचं करडू, अंगावर उड्या मारणारा कुत्रा, पायात घुटमळणारी मांजर यांचाही विचार करा. वॉकर असेपर्यंत कुत्रा बांधलेला बरा. आणि घरात सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवा: जनावर सुटलं तर सुटू दे, हाक मारायची, उठायचं नाही.

शेण आणि ओझं

शेणामुताने ओल्या फरशीवर वॉकरचे रबर घसरतात, त्यामुळे वॉकर किंवा काठी घेऊन ओल्या गोठ्यात शिरू नका. शेण काढायचं काम डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच, तेही लांब दांड्याच्या फावड्याने आणि उभ्याने. आखूड केरसुणी बाजूला ठेवून लांब दांड्याला बांधलेला खराटा घ्या. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल घाला. नुसता अंगठा अडकवायची सपाता नको.

काठी नेहमी ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात धरायची. बऱ्याच जणी उलट धरतात. पुढे हलकं ओझं उचलायची परवानगी मिळाली की ते ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातात घ्या, म्हणजे खुब्याच्या स्नायूंवर ताण कमी येतो. पाण्याची भरलेली बादली मात्र हलकी नव्हे. डोक्यावर वैरणीचा भारा किंवा शेणाची पाटी कधी घ्यायची हे सर्जनला विचारूनच.

काठी लवकर टाकून देणं हीसुद्धा चूकच. लोक काय म्हणतील म्हणून काठी टाकतात आणि मग लंगडत चालायची सवय लागते, ती मोडायला फार वेळ जातो. चाल सरळ होईपर्यंत काठी हातात असू द्या.

जखम, तेल आणि जंतू

टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. जखम पूर्ण कोरडी होईपर्यंत गोठ्यापासून लांबच राहा. हळद, राख, तेल काही लावू नका. पोटरी चोळून घेणं तर साफ नको: ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

जखम भरली तरी एक गोष्ट जन्मभर पाळायची आहे. अंगात दुसरीकडे झालेला जंतुसंसर्ग रक्तातून कृत्रिम सांध्यापर्यंत पोचू शकतो. कुत्र्या-मांजराने चावलं तर साबणाने भरपूर वेळ धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि सांधा बदललाय हे सांगा. टाचेच्या भेगा उघड्या ठेवून शेणात उभं राहू नका. गाय गाभडली किंवा व्यायली तर वार उघड्या हाताने ओढू नका, कारण ब्रुसेलाचे जंतू त्यातून माणसाला लागतात आणि सांध्यांना धरतात. हातमोजे घाला, नाहीतर पशुवैद्यकाला बोलवा. धारोष्ण दूध पिऊ नका, उकळूनच प्या.

घरातलं थोडक्यात

झोळ पडलेली बाज नको. तिच्यात बसलं की खुबा खाली आणि गुडघे वर. घट्ट पलंग घ्या, झोपताना दोन पायांत उशी. संडासात कमोडची खुर्ची. स्वयंपाक उभ्याने, ओट्यावर. चूल तीन महिने दुसऱ्याची. पाया पडायला आलेल्या पोरांना वाकून उठवू नका. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

काही बिघडलं तर

संध्याकाळी मांडी, पाऊल सुजतं आणि रात्रभर पाय उशीवर ठेवला की उतरतं. हे काही महिने चालतं, घाबरू नका. त्या दिवशी जास्त उभं राहिलात एवढाच अर्थ. पण एकाच पोटरीत सूज, दुखणं, गरमपणा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर क्षणभरही थांबू नका. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, नव्याने वाढत जाणारी वेदना हेसुद्धा त्याच दिवशी दाखवायचं. गावातल्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून परस्पर घेतलं तर पुढे जंतू ओळखणं अवघड होतं.

एकदम जोराची कळ आली, पाय आखूड आणि आत किंवा बाहेर वळलेला दिसला, टेकवता येईना, तर सांधा निसटलेला असू शकतो. पाय ओढू नका, हाड बसवणाऱ्याला बोलावू नका. आहे तिथेच आडवं राहा, पायाखाली-बाजूला उशा लावा, तोंडाने काही खाऊ-पिऊ नका, कारण सांधा बसवायला भूल द्यावी लागू शकते. 108 ला फोन करा, आणि डिस्चार्ज कार्ड सोबत द्या: कोणत्या बाजूने ऑपरेशन झालं, कोणता सांधा बसवला, हे पुढच्या डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.