स्लाइडवर मधोमध भोक पडत असेल तर

सांगलीहून मी माशाचं यकृत सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड बनवून घ्यायला सामाईक प्रयोगशाळेत पाठवत होते. स्लाइडवरच्या पातळ कापाच्या कडा सुरेख, मध्यभागी मात्र भोक. नवं ब्लेड लावून झालं, ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) बर्फावर ठेवून झाला, पुन्हा पॅराफिनही (तेच मेण) देऊन झालं. तीन महिने नुसता वैताग.

शेवटी तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी उरलेला तुकडा चिरून दाखवला: "बघा, आत अजून लालच आहे." तुकडा सुपारीएवढा, फॉर्मॅलिन (तुकडा न कुजता टिकवणारं द्रावण) जेमतेम बुडण्यापुरतं. आत पोचणार कसं?

आता मासा कापल्या कापल्या ३-४ मिलिमीटर जाडीची चकती काढते. रुंद तोंडाच्या बाटलीत तुकड्याच्या २० पट, १० टक्के न्यूट्रल बफर्ड (आम्ल होऊ न देणारं) फॉर्मॅलिन. त्यात २४ तास. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून रवाना. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहायची, पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते (हेही अनुभवानंच कळलं).