गोल्फ मार्क टू जीटीआय: आधी ब्रेक, मग इंजिन

पॉवर वाढवायची खाज सगळ्यांनाच असते, पण फोक्सवॅगन गोल्फ मार्क टू (दुसरी पिढी) जीटीआयसारख्या तीस-चाळीस वर्षं जुन्या गाडीत आधी ती थांबते का ते बघा. जॅक लावून चारही चाकं हाताने फिरवा, मागचं एखादं अडकत असेल तर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जाम आहे, या गाड्यांत हे फारच कॉमन, हँडब्रेकची लिव्हर गंजून परत येतच नाही. नुसती साफ करून महिनाभर चालेल, नंतर परत तेच. त्यापेक्षा मार्क फोर (चौथ्या पिढीच्या) गोल्फचे ॲल्युमिनियमचे मागचे कॅलिपर बसतात ते टाका, फक्त होज (ब्रेक ऑईलची लवचिक नळी) वेगळा लागतो, बँजो बोल्टवाला (पोकळ बोल्टने जोडायचा), तो आधीच आणून ठेवा नाहीतर गाडी जॅकवरच लटकत राहील.

पुढच्या चाकांना ८ व्हॉल्व्ह इंजिनच्या गाडीत २३९ मिलीमीटरची डिस्क येते. रोजच्या वापराला चांगले पॅड आणि नवे होज टाकले तरी पेडलमधला फरक लगेच कळतो. फोक्सवॅगनच्याच कोराडो जी-६० गाडीची २८० मिलीमीटरची डिस्क भारी आहेच, पण मग १५ इंची चाकं पाहिजेत आणि कॅलिपर, त्याला धरणारा कॅरिअर सगळंच बदलावं लागतं.

ब्रेक ऑईल डॉट ४ किंवा ५.१ ग्रेडचं टाका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही, नंबरवरून लोक फसतात. ब्रेकच्या लाईनमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा जोर ऑईलवर देणारा भाग) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा आणि मास्टर सिलिंडरवरच्या बाटलीतली ऑईलची लेव्हल खाली जाऊ देऊ नका. नवे पॅड बसले की मोकळ्या रस्त्यावर ६०-७० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मग गाडी थोडी चालवून गार होऊ द्या.

आता इंजिन. १.८ लिटरचं हे इंजिन नवं असताना ११२ हॉर्सपॉवर द्यायचं, त्यातले बरेच घोडे फाटलेल्या व्हॅक्युम पाईपमधून पळालेले असतात. कॅमशाफ्टची खरेदी नंतर, आधी कॉम्प्रेशन चेक करा, प्लग, टायमिंग बघा, इनटेकचा रबर बूट चिरलाय का ते वाकवून बघा, कारण के-जेट्रॉनिकमध्ये (या इंजिनाची मेकॅनिकल पेट्रोल इंजेक्शन सिस्टिम) हवा मोजणाऱ्या प्लेटनंतर कुठूनही जास्तीची हवा घुसली की मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि गाडी गचके देते. मिक्श्चरचा स्क्रू ३ मिलीमीटरच्या ॲलन कीने फिरतो, एकदम थोडा, पाव वळसासुद्धा जास्त होतो, आणि की आत असताना ॲक्सिलरेटर अजिबात दाबायचा नाही.