शीटमधल्या माहितीने फॉर्म आपोआप कसे भरायचे

सदाशिव पेठ, नारायण पेठ भागात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. अशाच एका अभ्यासिकेकडे अडीचशे मुलांची माहिती गूगल शीटमध्ये आहे असं धरू: नाव, मोबाइल, मूळ तालुका, जन्मतारीख, सकाळची बॅच की संध्याकाळची. नव्या वर्षाच्या नोंदणीसाठी प्रत्येकाकडून गूगल फॉर्म भरून घ्यायचाय. कोरा फॉर्म पाठवला तर कुणी मोबाइलचा एक आकडा गाळतो, कुणी तालुक्याच्या जागी गाव लिहितो. त्यापेक्षा भरलेलाच फॉर्म हातात दिला, तर मुलाला नजर फिरवून फक्त बदललेलं तेवढं दुरुस्त करायचं राहतं.

याला कोडिंग लागत नाही. फॉर्म एडिट करायला उघडा. वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांत ‘गेट प्री-फिल्ड लिंक’ किंवा नव्या मांडणीत ‘प्री-फिल फॉर्म’ असा पर्याय दिसेल. त्यातून उघडणाऱ्या फॉर्ममध्ये नमुन्याची उत्तरं भरा, खाली ‘गेट लिंक’ दाबा आणि लिंक कॉपी करा. त्या लिंकमध्ये प्रत्येक प्रश्नासाठी ‘एंट्री’ हा शब्द, एक लांबलचक क्रमांक, बरोबरचं चिन्ह आणि तुम्ही भरलेलं उत्तर असे तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. उत्तराच्या जागी शीटमधला मजकूर घातला की त्या मुलाची लिंक तयार.

नमुन्याची उत्तरं विचार करून निवडा. मजकुराच्या प्रश्नांत रोमन लिपीत झेड-झेड-०१, झेड-झेड-०२ अशा खुणा भरा. क्रमांक दोन आकडीच ठेवा. नुसतं १ लिहिलंत तर ती खूण १० च्या खुणेतही सापडते आणि बदल भलतीकडे होतो. बॅच किंवा तारखेसारख्या प्रश्नात खूण भरता येत नाही. तिथे कोणताही पर्याय निवडा आणि लिंक शीटमध्ये आल्यावर तेवढा भाग हाताने खोडून खूण टाका. खूण केलेली ही लिंक ‘सेटिंग’ नावाच्या वेगळ्या टॅबमध्ये पहिल्या सेलमध्ये ठेवा आणि सूत्रात त्या सेलचा पत्ता डॉलर चिन्हांनी पक्का करा, नाहीतर सूत्र खाली ओढताना तो सरकतो.

आता मुख्य टॅबच्या शेवटच्या स्तंभात सूत्र. ‘सबस्टिट्यूट’ फंक्शनला तीन गोष्टी द्यायच्या: सेटिंगमधली लिंक, खूण, आणि त्या खुणेच्या जागी यायचा सेल. पाच प्रश्न असतील तर पाच सबस्टिट्यूट एकात एक. प्रत्येक सेल मात्र ‘एनकोडयूआरएल’ फंक्शनमध्ये गुंडाळूनच द्यायचा. लिंकमध्ये न चालणारी अक्षरं आणि चिन्हं ते % ने सुरू होणाऱ्या खुणांत बदलतं; यालाच एनकोड करणं म्हणतात. हे टाळलं तर ‘पाटील & सन्स’ असा पत्ता & पाशी तुटतो आणि पुढचा भाग फॉर्मपर्यंत पोचत नाही; + चिन्हाची मोकळी जागा होते. तारीख आधी ‘टेक्स्ट’ फंक्शनने चार आकडी वर्ष, दोन आकडी महिना, दोन आकडी दिवस अशी, मधे आडवी रेघ देऊन लिहून घ्या. दुसऱ्या रूपात दिली तर तारखेचा रकाना कोराच उघडतो. एका प्रश्नाला अनेक टिक असतील, तर तीच एंट्री दर पर्यायासाठी पुन्हा लिहावी लागते. फाइल अपलोडचा प्रश्न असा भरता येत नाही.

मराठी अक्षरं एनकोड झाल्यावर फुगतात. देवनागरीतला प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची प्रमाण पद्धत) तीन बाइटचा, आणि प्रत्येक बाइटची तीन चिन्हं. म्हणजे ‘पुणे’ या शब्दाचे उकार-मात्रा धरून चार वर्ण, त्यांची ३६ चिन्हं. लिंक आडवीतिडवी दिसली म्हणून घाबरू नका, पण पत्त्यासारखे लांब रकाने आधीच भरून द्यायचे का, याचा विचार करा. हे काम एक्सेलमध्ये करणाऱ्यांना आणखी एक खड्डा लागतो: तिथलं ‘हायपरलिंक’ फंक्शन २५५ चिन्हांपुढची लिंक घेत नाही. म्हणून हे काम गूगल शीटमध्येच केलेलं बरं.

इथवरचं काम तासाभराचं. खरा वेळ जातो शीट स्वच्छ करण्यात, आणि तो घालवावाच लागतो. कारण ड्रॉपडाउन किंवा गोल बटणाच्या प्रश्नात पर्याय अक्षरन् अक्षर जुळला तरच निवडला जातो. जुळला नाही तर कसलीही सूचना न येता रकाना रिकामा राहतो.

पुण्यापुरतं बघा. फॉर्ममध्ये ‘कोथरूड’ आणि शीटमध्ये ‘कोथरुड’, संपलं. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. जुन्या शीटमध्ये वेल्हेच असणार. कुणी ‘राजगुरुनगर’ लिहितं, पण तालुका खेड. त्यातही खेड रत्नागिरी जिल्ह्यात वेगळा आहे, त्यामुळे जिल्ह्याचा स्तंभ हवाच. सगळ्यात छळतात ते ‘नऱ्हे’ आणि ‘कऱ्हाड’. हे शब्द दोन प्रकारे टाइप होतात: एकात ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मधे न दिसणारा ‘झिरो विड्थ जॉइनर’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ‘लेन’ फंक्शन एका ‘नऱ्हे’ची लांबी ५ सांगतं आणि दुसऱ्याची ६. ‘ॲ’चीही तीच गत: एक अखंड अक्षर, दुसरं ‘अ’वर चंद्र दिलेलं.

उपाय एकच, पण तो चोख करा. ‘पर्याय’ नावाचा टॅब काढा आणि फॉर्ममधले पर्याय तिथे कॉपी करून चिकटवा, टाइप करू नका. शेजारच्या टॅबमध्ये दोन स्तंभ: डावीकडे शीटमध्ये सापडणारी रूपं, उजवीकडे फॉर्ममधलं रूप. ‘व्हीलुकअप’ने शुद्ध रूप वेगळ्या स्तंभात आणा, मूळ स्तंभाला हात लावू नका. मग ‘काउंटइफ’ने ते पर्यायांच्या यादीत आहे का बघा आणि शून्य आलेल्या ओळी लाल करा. एकही लाल ओळ उरली तर लिंक पाठवायच्या नाहीत.

शेवटच्या मोकळ्या जागा ‘ट्रिम’ काढतं, पण वेबपेजवरून कॉपी झालेली ‘नॉन-ब्रेकिंग’ जागा काढत नाही. ती ‘कॅर’ फंक्शनला १६० देऊन शोधून सबस्टिट्यूटने उडवावी लागते. देवनागरी अंकांतला पिनकोड, समजा ४११०३०, शीटला मजकूर वाटतो आणि फॉर्मवर आकड्यांची अट असेल तर नाकारला जातो. असे अंक आधी इंग्रजी करून घ्या. जुन्या श्रीलिपी किंवा सुरेख फाँटमधली यादी युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय वापरूच नका. सीएसव्ही उघडल्यावर मराठीचा चिखल दिसला तर फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह झालेली नाही. आणि शीटचं लोकेल (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते ठरवणारं सेटिंग) ‘इंडिया’ करून ठेवा, नाहीतर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो. गंमत म्हणजे १३ तारखेपासून पुढच्या तारखा तशाच मजकूर म्हणून राहतात, त्यामुळे अर्धा स्तंभ बरोबर दिसतो आणि चूक लक्षात येत नाही.

पाठवताना दोन गोष्टी. लिंकमधली माहिती कुणालाही उलगडून वाचता येते, म्हणून आधार किंवा खाते क्रमांक तिच्यात कधीच घालू नका. ते रकाने मुलानेच भरावेत. दुसरं, व्हॉट्सॲपच्या ‘क्लिक टू चॅट’ लिंकमध्ये ही लिंक घालायची असेल तर ती पूर्ण पुन्हा एकदा एनकोड करावी लागते, नाहीतर पहिल्या & पाशी संदेश तुटतो. साध्या जीमेल खात्यावरून ॲप्स स्क्रिप्टने (शीटला जोडून कोड लिहायची गूगलची सोय) ईमेल पाठवणार असाल तर दिवसाला १०० जणांची मर्यादा आहे, अडीचशे मुलांना तीन दिवस धरा.

फॉर्म दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटवर असेल तर ही युक्ती सहसा चालत नाही. तिथे विंडोजवरचं ‘पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप’ वापरा; क्लिक करणं, टाइप करणं अशी कामं ते ठरवून दिलेल्या क्रमाने आपोआप करतं. विंडोज ११ मध्ये ते सोबतच येतं. ब्राउझरचं एक्स्टेन्शन टाका. मग पायऱ्यांचा क्रम, म्हणजे ‘फ्लो’, असा: ‘लाँच एक्सेल’, ‘रीड फ्रॉम एक्सेल वर्कशीट’, फॉर्मचं पान उघडायला ‘लाँच न्यू क्रोम’, ‘फॉर ईच’, आणि त्याच्या आत मजकुराच्या प्रत्येक रकान्यासाठी ‘पॉप्युलेट टेक्स्ट फील्ड ऑन वेब पेज’. वाचताना ‘गेट सेल कन्टेन्ट्स ॲज टेक्स्ट’ चालू करा. खाते क्रमांकाचे स्तंभ मात्र मुळातच ‘टेक्स्ट’ असायला हवेत: एक्सेल १५ आकड्यांपुढचे आकडे शून्य करून टाकतं, आणि ते परत मिळवायची सोय नाही.

जिल्हा-तालुका-गाव अशा एकमेकांवर अवलंबून असलेल्या याद्यांत बहुतेकांचा फ्लो अडतो. जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी सर्व्हरवरून यायला दोन-तीन सेकंद लागतात आणि फ्लो त्याआधीच रिकाम्या यादीत ‘मुळशी’ शोधतो. ठराविक सेकंद थांबण्यापेक्षा ‘वेट फॉर वेब पेज कन्टेन्ट’ लावून यादीत अपेक्षित तालुका दिसेपर्यंत थांबवा. कॅप्चा किंवा ओटीपी आला की ‘डिस्प्ले मेसेज’ने फ्लो रोखून माणसाला भरू द्या, त्याला बगल द्यायच्या भानगडीत पडू नका. साइटच्या अटींत ऑटोमेशनला मनाई आहे का, हेही आधी वाचा.

पहिल्या पाच ओळी सबमिट न करता चालवा आणि प्रत्येक रकाना शीटशी ताडून बघा. त्यानंतर शीटमध्ये ‘स्थिती’ स्तंभ जोडा: पोचपावतीचा क्रमांक पानावर दिसला तरच तो ‘राइट टू एक्सेल वर्कशीट’ने तिथे लिहायचा, बटण दाबलं गेलं म्हणून नाही. फ्लोच्या सुरुवातीलाच अट घाला की स्थिती भरलेली असेल तर ती ओळ सोडून द्यायची. मधेच नेट गेलं तरी पुन्हा चालवताना एकाच मुलाचे दोन अर्ज जाण्याचा धोका उरतो तो फक्त त्या अडकलेल्या एका ओळीपुरता. ती साइटवर हाताने तपासून मगच पुढे चालू करा.