बॅग भरायच्या आधी: गेमचा प्रोजेक्ट गावात नेताना

यंदाचं गेम प्रोजेक्टांचं प्रदर्शनही कॉलेजच्या लॅबमध्ये नाही, फेब्रुवारीत एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. हे कळल्यापासून फायनल इयरची पोरं एकच विचारतात, सर, काय काय न्यायचं? वायर किती, बोर्ड किती, प्रोजेक्टर कोणाच्या गाडीवर. ते सगळं सांगतो, पण शेवटी. बॅग भरायला एक संध्याकाळ पुरते. त्याआधीची तयारी मात्र दिवाळी झाली की लगेच सुरू व्हायला पाहिजे.

पहिलं काम वहीतलं. एक ओळ लिहा: खेळणारा हाताने अमुक करतो, तेव्हा तमुक होतं. बस. गोष्ट नको, ग्राफिक्स नको, सामाजिक संदेश तर नकोच नको. ओळीत ‘बटण दाबतो’ आलं असेल तर खोडा आणि परत लिहा. प्रयोग म्हणतात तो या ओळीत असतो, नंतर कुठून आणून चिकटवता येत नाही. २००५ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी एका सत्रात पन्नासच्या वर गेम केले. नियम तीनच होते. गेम सात दिवसांच्या आत झाला पाहिजे, एकट्याने केला पाहिजे आणि ‘गुरुत्वाकर्षण’, ‘वनस्पती’ असा काहीतरी विषय सगळ्यांना सारखा. त्यातल्याच एका मनोरा रचायच्या गेममधून पुढे २००८चा ‘वर्ल्ड ऑफ गू’ निघाला. आपल्याकडे चार महिन्यांत चौघं मिळून एक गेम करतात, आणि त्यातले तीन महिने मेनूच्या स्क्रीनवर जातात. म्हणून डिसेंबरपर्यंत प्रत्येकाने एकट्याने दोन छोटे, ओबडधोबड गेम करायचे. ग्रुपने कोणता घ्यायचा ते त्यानंतर ठरवा. फेकलेल्यांची यादीही जपून ठेवा, तोंडी परीक्षेत तीच कामाला येते.

गेल्या वर्षीची एक ओळ सांगतो. ‘दोन माणसं एकमेकांचा हात धरतात तेव्हाच दिवा लागतो.’ मला फार आवडली होती. तंत्रही सोपं. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या दोघांनी २०१२मध्ये बाजारात आणलेल्या मेकी मेकी बोर्डाचं तत्त्वच हे: २२ मेगाओहमचा रोध लावला की माणसाच्या अंगातून जाणारा अगदी क्षीण प्रवाहसुद्धा बटणाचं काम करतो. पाच व्होल्टला हा प्रवाह पाव मायक्रोअँपिअरच्याही आत राहतो, कळतसुद्धा नाही. पोरांनी हे लिओनार्डो नावाच्या अर्डुइनो बोर्डावर बसवलं. २२चा रोध तालुक्याला मिळाला नाही, म्हणून १०चे दोन एकापुढे एक जोडले, चाललं. लॅबमध्ये दहा वेळा दिवा लागला. गावात नेला, आणि पहिला अर्धा तास एकदाही लागला नाही. वायर ठीक, बोर्ड ठीक. माणसंच एकमेकांचा हात धरेनात. बायका बाजूला उभ्या, म्हातारे हसून पुढं जायचे, आणि दोन माणसं अशी होती की त्यांनी एकमेकांचा हात का धरला नाही ते सगळ्या गावाला माहीत होतं, आम्हालाच तेवढं नव्हतं. शेवटी एका पोराने खांद्यावरचा दुपट्टा बादलीत बुडवून पिळला आणि दोन टोकं दोघांच्या हातात दिली. ओल्या कापडातून प्रवाह जातो. दिवा लागला. मग रांग लागली. दुपट्टा सुकायला लागला की दिवा मंद होईल असा बदल त्याच दुपारी कोडमध्ये केला, आणि माझ्या मते खरा गेम तिथं तयार झाला. तेव्हा तुमची ओळ लिहून झाली की तिच्याखाली हेही लिहा: हे कोण करेल, कोणासमोर करेल, आणि कोण करणार नाही.

असा अंगातून प्रवाह जाणारा खेळ असेल तर एक गोष्ट डोळे झाकून पाळा. लॅपटॉप चार्जरवर ठेवून खेळवू नका. शाळेच्या सॉकेटला अर्थिंग असेलच असं नाही, आणि दोन पिनांच्या चार्जरमधून हाताला मुंग्या येतात. बॅटरीवर चालवा, तास झाला की गेम बंद करून चार्ज करा.

बोर्ड घेताना लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या. ते संगणकाला स्वतःला कीबोर्ड म्हणून सांगू शकतात. लॅबच्या कपाटात जुने अर्डुइनो उनो पडलेले आहेत म्हणून तेच उचलायचा मोह होईल, पण जुना उनो सरळ कीबोर्ड होत नाही आणि मग मधल्या जुगाडात आठवडा जातो. पैसेच नसतील तर भंगारातला यूएसबी कीबोर्ड आणा. उघडा, आतली हाताच्या पंजाएवढीही नसलेली हिरवी पट्टी काढा, आणि कोणते दोन ठिपके जोडले की कोणतं अक्षर उमटतं ते वायरच्या एका तुकड्याने शोधून कागदावर मांडा. ठिपक्यांवर काळा कार्बनचा थर असतो, त्यावर सोल्डर बसत नाही. ब्लेडने हळूच खरवडून तांबं दिसलं की मगच सोल्डर करा. या पट्टीवर ओला दुपट्टा किंवा संत्रं चालणार नाही, तिला धातूला धातू लागावा लागतो. पण तेलाच्या डब्याची झाकणं, जुन्या ताटल्या, पत्र्याचे तुकडे मस्त चालतात. अॅल्युमिनियमच्या फॉइलला सोल्डर धरत नाही, तिथं क्लिप लावा. आणि चार जण एकाच वेळी खेळणार असतील तर आधीच चारी झाकणं एकदम दाबून पाहा. साध्या कीबोर्डात तीन विशिष्ट कळा एकत्र दाबल्या की चौथी भलतीच उमटते किंवा एखादी गिळली जाते. अक्षरं बदलून जुळवावं लागतं. हे प्रदर्शनाच्या दिवशी कळलं तर रडायची पाळी.

आता मराठीचं. स्क्रीनवर एक जरी शब्द असेल तर आजच तपासा. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ४.० किंवा त्यापुढचाच घ्या. २०२३मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून देवनागरी नीट जुळते. गोडो ३मध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते. युट्यूबवरचे बरेच धडे जुन्या आवृत्तीचे आहेत, पोरं तेच पाहून तेच उतरवून घेतात. मुक्ता, बालू किंवा नोटो यांपैकी एक फॉन्ट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा, तिघंही खुल्या परवान्याचे आहेत. आणि मजकूर डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणू नका. तो कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये देतो, पानावर सुंदर दिसतं आणि गेममध्ये टाकलं की नुसता इंग्रजी चिन्हांचा उकिरडा. फोनवर युनिकोडमध्ये स्वतः टाइप करा. भाषा आपली ठेवा. ‘पुढे जाण्यासाठी कृपया स्पर्श करा’ असं आपल्या गावात कोणी कोणाला म्हणत नाही.

नेट मिळणार नाही असं धरूनच चला. मिळालं तर रील पाहायला होईल. गोष्टीचे, फाटे फुटणारे गेम करणाऱ्यांना ट्वाइन बरं, सगळा गेम एका एचटीएमएल फाइलीत मावतो, कोणाच्याही फोनमध्ये टाकता येतो. स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून कोड करायचं ते, आठवीनववीच्या पोरांसोबत काम करणार असाल तर घ्या, त्याची ऑफलाइन आवृत्ती आधी उतरवून ठेवा. गोडोवाल्यांनो, गोडो स्वतः लहान असतो, पण एक्स्पोर्ट टेम्प्लेट, म्हणजे तयार गेम बाहेर काढायला लागणाऱ्या फाइली, वेगळे उतरवावे लागतात आणि ते गोडोपेक्षा कितीतरी मोठे. ते कॉलेजच्या वायफायवर उतरवा, एसटीत बसून नाही. ब्राउझरसाठी एक्स्पोर्ट केलेला गेम फाइलवर डबल क्लिक करून उघडत नाही, त्याला लोकल सर्व्हर, म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर चालणारा छोटा सर्व्हर, लागतो. हे माहीत नसलं की ‘काल चालत होतं सर’ ऐकावं लागतं. गेमची एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्याच्या लॅपटॉपवर.

विजेच्या लाइनीचं तुम्हाला मी काय सांगणार. एवढंच करा की आधी एकदा त्याच वारी, त्याच वेळेला शाळेत जाऊन बसा. वावरातल्या मोटारी सुरू झाल्या की पंख्याचा वेग पाहून व्होल्टेजचा अंदाज येतो. प्रोजेक्टरचा हट्ट सोडा. टिनाच्या शेडखाली दुपारी बारा वाजता त्यावर फक्त पांढरा धूर दिसतो. वेबकॅमने हात ओळखणारे, इन्फ्रारेड सेन्सरवाले, या सगळ्यांचं ऊन आलं की संपलं. अल्ट्रासॉनिक सेन्सर उन्हाला भीत नाही, अंतर मोजायचं असेल तर तो लावा.

चाचणी खेळ हा तयारीचा सगळ्यात मोठा भाग आणि सगळ्यात जास्त चुकवला जाणारा. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात गेलात तर कुत्री आणि म्हातारी माणसं भेटतील. संध्याकाळी जा. तुम्हाला न ओळखणारी तीन माणसं पुरेत. गेम समोर ठेवा आणि तोंड बंद ठेवा, हे जमत नाही कोणाला. एका पोरीने आजीपुढे टॅबलेट ठेवला. स्क्रीनवर हिरव्या चौकोनात मोठ्ठं ‘सुरू करा’. आजी पाहत राहिली, पोरगी ओठ चावत राहिली. दीडेक मिनिटानं आजी म्हणाली, “करा न बाप्पा सुरू. मी त बसलीच आहो.” तो चौकोन बटण आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मराठी तिचं बरोबर होतं. ते बटण आम्ही काढून टाकलं, टॅबलेट उचलला की गेम आपोआप सुरू. त्याच संध्याकाळी दुसरं कळलं. आयुष्यभर वखर-डवरा धरलेल्या हातांची बोटं कोरडी, भेगाळलेली असतात, स्पर्शाची स्क्रीन ती ओळखतच नाही. माणूस तीनदा दाबतो, काही होत नाही, चौथ्यांदा म्हणतो, “आपल्याले नाही येत हे.” चूक स्क्रीनची आणि लाज त्याला. मोठी झाकणं, दोऱ्या, ताटल्या वापरा असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी. कुठं हात थांबला, कुठं मागं वळून पाहिलं, एवढंच वहीत लिहा. ‘आवडला का’ विचारू नका, आपल्याकडे पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही.

शेतकऱ्याच्या आत्महत्येवर गेम करू म्हणणारा एक तरी गट दरवर्षी असतो. मी मनाई करत नाही. पण ज्या घरात ते झालं त्या घरचं माणूस रांगेत उभं असू शकतं, हे धरून करा. गळफासाचं चित्र नाही, आणि मरण म्हणजे ‘गेम ओव्हर, पुन्हा खेळा’ हे तर अजिबात नाही. म्हणणं नियमात घाला. गोन्झालो फ्रास्का या उरुग्वेच्या डिझायनरने २००३मध्ये केलेल्या ‘१२ सप्टेंबर’मध्ये तुम्ही गजबजलेल्या बाजारावर क्षेपणास्त्र टाकता, मेलेल्यांवर रडणारी माणसंच पुढं दहशतवादी होतात, आणि जिंकायची सोयच नाही. भाषण कुठंच नाही. आपल्याकडे असा नियम शोधायला लांब जावं लागत नाही. २०१७ला गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला, तेव्हा बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं आणि अळी आत. एका गटाने यावर साठ रिकाम्या काडीपेट्या मांडल्या. पेटी उघडण्याआधी फवारणीचे पैसे मोजायचे, उघडली की कळणार आत काय आहे. ना वीज, ना स्क्रीन. खेळणारे पेटी कानाजवळ नेऊन हलवून पाहत होते.

कोणाचा आवाज घेणार असाल, भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, तर विचारून घ्या, घेतल्यावर आधी त्यांनाच ऐकवा, आणि नाव घालायचं की नाही ते त्या ठरवतील. सिनेमातली गाणी नको, हक्काची भानगड होते.

आता बॅग. एक्स्टेंशन बोर्ड दोन, त्यातला एक दहा मीटरचा, कारण सॉकेट कायम मुख्याध्यापकांच्या खोलीत असतं. दोन पिनांचे-तीन पिनांचे जोड. टेस्टर. क्लिपा मोजून, चिकटपट्टी दोन प्रकारची, ब्लेड, सोल्डरिंग गन, जास्तीचा एक बोर्ड ज्यात कोड आधीच चढवलेला आहे. दुपट्टे चार, बादली, तिच्या पाण्यात टाकायला चिमूटभर मीठ. हेडफोन नको, शाळेतली पोरं वायर ओढतात, छोटा स्पीकर आणा. बॅटरीचा दिवा. वहीची कोरी पानं आणि दोऱ्याने बांधलेला पेन, नाहीतर तो तासाभरात जातो. पिण्याचं पाणी स्वतःचं. एसटीची परतीची वेळ कंडक्टरला विचारून, बोर्डावर वाचून नाही.

सतरंज्या शाळेच्या असतात, आवरताना झटकून, मोजून परत द्या. काडीपेट्या तिथल्या पोरांनी मागितल्या तर देऊन टाका. मागच्या वेळी दिल्या, तर पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा त्यांनी नियम बदललेला होता, अळी सापडली की शेजाऱ्याचीही एक पेटी उघडायची.