रेम्ब्रांटच्या ‘हंड्रेड गिल्डर प्रिंट’ची नक्कल करताना या चुका टाळा

डच चित्रकार रेम्ब्रांटचं हे एचिंग (तांब्याच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरून, त्यांत शाई भरून कागदावर काढलेला ठसा) साधारण 1648 चं, आकाराने जेमतेम 28 बाय 39 सेंटीमीटर. मध्यभागी ख्रिस्त, उजवीकडे काळोखातून येणारे आजारी लोक, डावीकडे वाद घालायला जमलेली मंडळी. नक्कल करताना बहुतेक जण डावीकडेच अडकतात. तिथली माणसं नुसत्या बाह्यरेषांत आहेत, म्हणून ती ‘अर्धवट राहिली’ असं समजून त्यांच्यात छाया भरायला लागतात. नेमकं इथेच चित्र बिघडतं. दाट रेघांची उजवी बाजू आणि जवळजवळ कोरी डावी बाजू हाच तर या रचनेतला विरोध आहे. पाठमोरा उभा असलेला तो लठ्ठ, काठीवाला गृहस्थ पाहा. त्याला जास्त रंगवलात तर नजर ख्रिस्तापर्यंत पोचतच नाही.

दुसरी चूक आम्लातली, आणि ती मीही केली आहे. उजवीकडे गडद काळं हवं म्हणून मी रेघा अगदी खेटून मारल्या आणि प्लेट बराच वेळ आम्लात ठेवली. छापल्यावर मधोमध करड्या रंगाचा डाग! रेघांमधलं तांबंच खाल्लं गेलं होतं, आणि उथळ सपाट खड्ड्यात शाई धरून राहत नाही. पुसताना निघून जाते. उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने काम करायचं. आधी सगळ्या रेघांना थोडंसं आम्ल द्या, मग फिकट राहायला हव्यात त्या माणसांवर वॉर्निश लावून झाका आणि बाकीची प्लेट पुन्हा आम्लात घाला. सगळ्यात गडद काळं ड्रायपॉइंटसाठी, म्हणजे आम्लाशिवाय थेट प्लेटवर सुईने ओढायच्या रेघांसाठी, राखून ठेवा. सुईने तांब्याची जी कड उचलली जाते तिच्यात शाई मखमलीसारखी बसते. फक्त ही कड लवकर झिजते, तेव्हा चांगले ठसे मोजकेच मिळतात.

छापल्यावर डावं-उजवं उलटतं, हे माहीत असूनही लोक विसरतात. रेखाटन ट्रेसिंग पेपरवर करून कागद पालथा घाला आणि मगच प्लेटवर उतरवा.

नमुना कोणता घेताय तेही बघा. अठराव्या शतकात विल्यम बेली नावाच्या कॅप्टनने मूळ प्लेट मिळवून तिच्यावर पुन्हा रेघा मारल्या, ठसे काढले आणि नंतर तिचे तुकडे केले. त्याच्या ठशावरून काम केलंत तर अभ्यास रेम्ब्रांटचा कमी आणि बेलीचा जास्त होईल! फोनवर चित्र पाहताना कॉन्ट्रास्टही वाढवू नका. डावीकडच्या नाजूक रेघा उडून जातात.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी नक्कल करणारे हमखास गाळतात: गुडघे टेकून बसलेल्या बाईच्या जोडलेल्या हातांची सावली ख्रिस्ताच्या झग्यावर पडली आहे. चार-सहा रेघांचं काम, पण आजाऱ्यांचा घोळका ख्रिस्ताशी जोडला जातो तो तिथेच.