'नाही' वेगळं, 'नको' वेगळं: कोरियन मनाई शिकताना

कोरियन शिकायला लागून सहाएक महिने झाले असतील. एका कोरियन घरी जेवायला गेले होते आणि काकू थांबायचं नाव न घेता किमची वाढत होत्या. मला म्हणायचं होतं, "नको, पुरे." तोंडातून निघालं, "चुजी मासेयो." काकूंचा हात तसाच थांबला. व्याकरण बिनचूक होतं, पण मी त्यांना "देऊ नका!" असं दटावलं होतं. अशा वेळी "क्वेन्चानायो" म्हणायचं असतं, म्हणजे "असू दे".

तरी सांगते, हा धडा मराठी माणसाला सोपा जातो. फक्त तो इंग्रजीतून शिकू नका. आपलं 'जात नाही' आणि 'जाऊ नका' जसं वेगळं, तसंच तिथेही: "काजी आनायो" म्हणजे जात नाही, "काजी मासेयो" म्हणजे जाऊ नका. क्रमसुद्धा आपलाच, आधी 'जाऊ', मग 'नका'. आमच्या वर्गात बरेच जण "आन कासेयो" म्हणायचे. ऐकणाऱ्याला ते "तुम्ही जात नाही का?" असं वाटतं.

हे 'मा' आलं 'मालदा' या क्रियापदातून. "चहा नको, कॉफी द्या" यातला 'नको'ही तोच: "छा मालगो खॉफी जुसेयो."

सिरियल बघून सगळ्यांना पाठ झालेलं "हाजी मा" (करू नको) फक्त मित्रांसाठी. मोठ्यांना विनवायचं तर "हाजी मारा जुसेयो". त्यातलं 'मारा' ऐकून मी पहिल्यांदा दचकलेच होते! जुन्या पुस्तकात "हाजी मारायो" चूक आणि "हाजी मायो" बरोबर असं दिसेल. डिसेंबर २०१५ मध्ये कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेने दोन्ही प्रमाण ठरवल्याचं जाहीर केलं.

नियम सांगायचा असेल तर 'मासेयो' नको, 'चालणे' वापरा. 'द्वेदा' म्हणजे जवळपास आपलं 'चालणे'. "साजिन च्चिगॉदो द्वेयो?" म्हणजे फोटो काढला तरी चालेल का? "च्चिगुम्यॉन आन द्वेयो", काढला तर चालणार नाही. शब्दाला शब्द जुळतो.

पाट्यांची भाषा आणखी कोरडी. "छुरिप कुमजी", प्रवेश मनाई. वस्तूंपाशी "सोन्देजी मासिओ" दिसलं की 'सोन' म्हणजे हात एवढं आठवा, हात लावू नका हे आपोआप कळतं. फक्त 'मासिदा' म्हणजे पिणे, त्याच्याशी गल्लत नको. "मासिजी मासेयो", पिऊ नका, हे पाच वेळा भरभर म्हणून बघा.