वॉल्टर स्टेपल्डन: बिशप आणि खजिनदार एकाच वेळी कसा अभ्यासावा

चौदाव्या शतकातला इंग्लंडचा बिशप आणि राजाचा खजिनदार वॉल्टर स्टेपल्डन याच्यावर काम करायला घेणारे बहुतेक जण आधी 15 ऑक्टोबर 1326 कडे धावतात. त्या दिवशी लंडनच्या जमावाने चीपसाइड या रस्त्यावर त्याचा शिरच्छेद केला. माझं आग्रहाचं सांगणं आहे, ते प्रकरण शेवटी वाचा.

नैऋत्य इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या छोट्या जमीनदार घरातला, कायदा शिकलेला हा माणूस 1308 मध्ये तिथल्याच एक्सिटरचा बिशप झाला. 1314 मध्ये त्याने ऑक्सफर्डला विद्यार्थ्यांसाठी जी सोय केली, ती आज एक्सिटर कॉलेज म्हणून उभी आहे. 1320 ते 1325 या काळात, मधले काही महिने सोडले तर, तो राजा दुसऱ्या एडवर्डचा खजिनदार होता.

म्हणजे कागद दोन ठिकाणी. धर्मप्रांताची नोंदवही एकीकडे. तिची छापील आवृत्ती 1892 ची. खजिन्याच्या लॅटिन गुंडाळ्या दुसरीकडे, लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. मी तारीख, ठिकाण आणि काम असा एकच तक्ता केला आणि दोन्हीकडच्या नोंदी त्यात भरत गेले. छापील आवृत्तीत बऱ्याच नोंदी वर्णानुक्रमे लावल्या आहेत, त्यामुळे कालक्रम आपणच जुळवायचा. काम कंटाळवाणं आहे, पण बिशप राजाच्या कामासाठी लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला असताना एक्सिटरचा कारभार कोण पाहत होतं, हा खरा प्रश्न तिथूनच सुचतो.

तारखांना वेळ द्या. स्टेपल्डन फेब्रुवारी 1320 मध्ये खजिनदार झाला. पण साल 25 मार्चला बदलत असल्याने त्या काळच्या हिशेबात ते 1319 च होतं, आणि राज्यवर्ष, म्हणजे राजा गादीवर आल्यापासून मोजलेलं वर्ष, तेरावं, कारण ते 8 जुलैपासून मोजायचं. खजिन्याचं हिशेबी वर्ष आणखी वेगळं, 29 सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारं. मोडी कागदांतल्या, मृगाला बदलणाऱ्या सुहूर सनाशी, म्हणजे मराठी दफ्तरांतल्या जुन्या कालगणनेशी, झटापट केलेल्यांना हे लवकर जमेल.

मला सर्वात मोलाची वाटते ती त्याने करवून घेतलेली सूची. पोपची आज्ञापत्रं, सनदा, गॅस्कनीचे (फ्रान्समधल्या इंग्लंडच्या राजाच्या मुलखाचे) कागद, सगळं अस्ताव्यस्त पडलेलं होतं. ते लावून त्याची यादी झाली. 1323 मध्ये खजिन्याच्या कारभाराचे नवे नियमही आले. कठोर वसुलीमागे इतकी नेटकी दफ्तरव्यवस्था होती, हे कळल्यावर त्याच्याकडे नुसता लोभी दरबारी म्हणून पाहता येत नाही.

मग 1326 कडे या. 1321 ची न्यायचौकशी, म्हणजे राजाच्या न्यायाधीशांनी शहराच्या हक्कांची केलेली तपासणी, स्टेपल्डनने आपल्यावर लादली, हा लंडनकरांचा राग होता. 1324 मध्ये राजाची पत्नी इझाबेला हिच्या जमिनी राजाने ताब्यात घेतल्या, त्याचाही ठपका स्टेपल्डनवर आला. हे दोन्ही धागे तोवर तुमच्या तक्त्यात आलेले असतील.